तिसरा रकाना

मावुकेरे, बेंगळूर जिल्हा
६ मार्च १९६१

प्रिय अण्णा,

थोरल्या भावाला तीर्थस्वरूप लिहावं हे मला कळतं, शाळेत पोरांना मीच ते शिकवतो. तीन कागदांवर तसं लिहिलं आणि तिन्ही फाडले. कारण येत्या फाल्गुनी अमावास्येला, म्हणजे सोळा तारखेला, मला तुझं दहन करायचं आहे. गुंडोकाकांनी दिवस ठरवला, भटजींना सांगून झालं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचं नावगोत्र देतात आणि रीतसर अग्नी देतात, हे तुला ठाऊकच आहे. तुला मूलबाळ नाही असं धरून तो अधिकार धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्याकडे आला. आणि त्याच दिवशी अनुसूयावहिनीचं कुंकू पुसायचं. तू तर तिकडं बेंगळूरच्या शिवाजीनगरात रेडिओ दुरुस्त करत बसला आहेस. तेव्हा तुला तीर्थस्वरूप लिहावं की वैकुंठवासी, हे तूच सांग. मी आपला मधला मार्ग म्हणून प्रिय लिहिलं आहे.

दचकू नकोस, आणि हे पत्र इथंच टाकून देऊ नकोस. क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो, पण क्रमच लागत नाही. गेला महिनाभर डोक्याचा पार भुगा झालाय. यंदाची खानेसुमारी आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडली. माझ्याकडे जुन्या किल्ल्याच्या कोट्यातली आपली घरं आणि बाजाराकडच्या पेटेतली विणकरांची गल्ली, मिळून एकशे एकावन्न घरं. वर आमच्या सुपरवायझरांनी, तुमचं अक्षर वळणदार आहे, इतिहासही तुम्हीच शिकवता, असं गोड बोलून गावाची माहिती लिहायचं कामही माझ्याच माथी मारलं. मावुकेरे कुठं आहे, किती जुनं आहे, माणसं किती, दोन पानांत. मी म्हटलं, त्यात काय, जन्म इथं गेला. आणि बसलो तर पहिल्या ओळीलाच अडलो. बेंगळुराहून बावीस मैल असं लिहिलं, पण बावीस मैल कुठून? रेल्वेवाले सिटी स्टेशनापासून मोजतात, बसवाला शिवाजीनगरपासून मोजतो, आणि काका म्हणतात कोट्याच्या वेशीपासून मोज, आपण कशाला त्यांच्यापासून लांब, ते आपल्यापासून लांब आहेत.

शेवटी मी रस्ताच लिहून काढला. हेब्बाळचं तळं मागं टाकलं की येलहंका, तिथून लहान रुळांची गाडी पुढं निघते आणि अकराव्या मैलावर आपल्या तळ्याच्या, केरेच्या, बांधाला अर्धा वळसा घालून स्टेशनात येते. पूर्वेला केरे, पश्चिमेला बोडकी टेकडी, मध्ये कोटे आणि पेटे. तांबडी माती, त्यात रागी आणि तुती, हल्ली थोडी द्राक्षं. विणकरांचे दोनशे माग, सोमवारी संते, आठवड्याचा बाजार. तू होतास तेव्हा केरेला बारा महिने पाणी असायचं, आता माघातच निम्मा तळ उघडा पडतो आणि माझे विद्यार्थी तिथं क्रिकेट खेळतात. तू गेलास त्याच्या पुढच्याच वर्षी वीज आली. आई म्हणायची, त्याला सांगा रे कुणीतरी, दिवे आले म्हणून.

आई गेली, हे तुला माहीत आहे का? बघ, इतकं लिहून झाल्यावर मला हे सुचतंय. गेल्या वर्षी माघात गेली, चार दिवस ताप आला आणि गेली. फार हाल झाले नाहीत. मी आणि माझी बायको कमला जवळ होतो, पण मांडी होती ती वहिनीची. हे असं मध्येच सांगायला नको होतं, पण आता खोडलं तर ते जास्तच वाईट दिसेल.

पुन्हा टिपणाकडे वळतो. कोट्यातली आपली बारा मराठी घरं शहाजीराजांच्या काळात आली असं काका सांगतात. पुरावा काय म्हणून विचारलं तर माझ्याकडंच असे बघतात, जणू मीच पुरावा. प्लेगच्या सालात सगळं गाव टेकडीखाली झोपड्या घालून राहिलं, ते आपण आजोबांच्या तोंडून ऐकलंय. त्यानंतरच्या मोजणीत माणसं एकदम निम्मी दिसतात. पण ती सगळी काही मेली नव्हती. कितीतरी जण दुसऱ्या गावी निघून गेले आणि परतलेच नाहीत. मेलेला आणि निघून गेलेला यांतला फरक आकड्याला कळत नाही, असं एक वाक्य मी टिपणात लिहिलं होतं. सुपरवायझरांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं, अनावश्यक.

एक्कावन्न सालचा आपल्या गावाचा आकडा पाच हजार अडतीस. तो एकानं चुकलेला आहे आणि हे आता फक्त मलाच ठाऊक आहे. तू जाऊन दोन वर्षं झाली होती. आपले जुने हेडमास्तर कागद घेऊन दारात आले तेव्हा आईनं त्यांना सांगितलं, थोरला कामासाठी बेंगळुरास गेलाय, आज-उद्या येईल, त्यालाही लिहून घ्या. हेडमास्तरांना सगळं ठाऊक होतं. तू परीक्षेचा निकाल बघून संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणून गेलास, भांडण नाही, तंटा नाही, वहिनीनं डब्यात पोह्यांची अवलक्कीही बांधून दिली होती, आणि त्यानंतर ना पत्र ना निरोप, हे अख्ख्या कोट्याला ठाऊक होतं. तरी त्यांनी मुकाट्यानं तुझं नाव लिहिलं. दहा वर्षं सरकारच्या लेखी तू याच घरात जेवत होतास. मी शेजारी उभा होतो. चुकीचं चाललंय हे कळत होतं आणि बरंही वाटत होतं.

आई होती तोवर काकांनी त्या विधीचा विषय काढला नाही. यंदा आईचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंचांग उघडलं. तू त्यांना दोष देशील, पण देऊ नकोस. बाबा गेल्यावर त्यांनीच आपल्याला वाढवलं. त्यांना खरोखर वाटतं, की तू कुठंतरी बेवारशी मेलास आणि बारा वर्षं तहानलेला भटकतो आहेस, आणि आपण तुला घोटभर पाणी दिलं नाही.  वहिनीचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, ती आमची मुलगीच आहे, पण शास्त्राला मी काय करू. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं. ती तांदूळ निवडत राहिली, आणि मी धरून चाललो की बिचारीला बोलायला काही उरलंच नसेल. माझी अक्कल तेव्हा कुठं गहाण पडली होती कोण जाणे.

मग बसवंत आला. हा आमच्या शाळेत पाच-सहा वर्षं होता, तू गेल्यानंतर आलेला, म्हणजे तुला त्यानं कधी पाहिलेलं नाही. आता बदली होऊन शिवाजीनगरातल्या शाळेत आहे आणि तिथल्या एका गल्लीची मोजणी त्याच्याकडं होती. एकोणीस तारखेच्या रविवारी सासुरवाडीला आला होता, तसा माझ्याकडं डोकावला. कॉफी पिता पिता सहज म्हणाला, तुमच्या गावचा एक माणूस भेटला हो, मार्केटामागं रेडिओचं दुकान आहे, माधवराव म्हणून, मातृभाषा मराठी. जन्मस्थान मावुकेरे सांगितलं तेव्हा मी विचारलं कुठलं मावुकेरे, तर म्हणाला, जिथं गाडी तळ्याला वळसा घालून येते ते. अण्णा, मोजणीत मिळालेली माहिती बाहेर सांगायची नाही असा कायदा आहे. बसवंतानं तो मोडला, मी ऐकून मोडला, आता लिहून पुन्हा मोडतोय. पण नवल मला तुझं वाटतं. नाव बिंदुमाधवचं माधवराव केलंस, घर बदललंस, माणसं बदललीस, आणि सरकारी माणसानं जन्मस्थान विचारल्यावर खरं सांगितलंस. येलहंका म्हणाला असतास तर कुणाला काय कळणार होतं? एवढी एक गोष्ट तुला खोटी का सांगवली नाही, याचा मी इतका विचार केलाय की आता त्याचाच वीट आलाय.

बावीस तारखेला दुपारी मी आलो होतो. समोरच्या हॉटेलात बसलो, दोन कॉफ्या घेतल्या, दुसरी नुसती निवत ठेवली. तू कपाळाला आठ्या घालून रेडिओच्या पोटात बघत होतास, अगदी बाबांसारखा. एक बाई डबा घेऊन आल्या. बरोबर एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, ती तुझ्या स्टुलावर चढली आणि तू तिला चिमट्यानं तार धरायला दिलीस. मी उठून येणार होतो, खरंच येणार होतो. तुझी कॉलर धरावी असं वाटत होतं आणि तुझ्या गळ्यात पडावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करणार? शेवटी बस आली आणि मी चढलो. येलहंक्यापर्यंत मला रडू आवरेना. कंडक्टर म्हणाला, स्वल्प पुढं सरका.

घरी येऊन मी कुणालाच काही सांगितलं नाही. कमलालासुद्धा नाही, आणि ती तर मी पेन हरवलं तरी चेहऱ्यावरून ओळखते. सांगितलं तर तुझं दहन टळेल, पण वहिनी टाकलेली बाई ठरेल, आणि ती तुझी मुलगी, तिचं काय? नाही सांगितलं तर वहिनी विधवा होईल, मी जिवंत भावाला अग्नी देईन, आणि तू तिकडं मजेत डबा खात असशील. सहा दिवस मी हेच घोळवत घरं मोजत फिरलो. एका विणकराच्या घरी बाईच्या वयाच्या जागी मुलांची संख्या लिहून बसलो.

आपलं घर मी शेवटी ठेवलं होतं. अठ्ठावीस तारखेला दुपारी दारापुढच्या जगलीवर बसलो, मोजणीच्या चिठ्ठ्या काढल्या. काकांचं झालं, माझं आणि कमलाचं झालं. मग वहिनी पदराला हात पुसत आली आणि समोर बसली. तू तिला कशी आठवतोस मला माहीत नाही. ती आता गावातलं शिशुविहार चालवते, चाळीस पोरं सांभाळते, कन्नडमध्ये अशी दटावते की रस्त्यावरची गाढवंसुद्धा थांबतात. पहिल्या रकान्यात नाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं, दुसऱ्यात वय तेहेतीस, एवढं झालं आणि तिसरा रकाना आला. विवाहित, की काय. मी खाली बघून पेन्सिलीनं विवाहित लिहायला लागलो. तेवढ्यात आतून काका म्हणाले, विधवा लिही, पंधरा-सोळा दिवसांचा तर प्रश्न आहे, उगाच सरकारची खाडाखोड कशाला.  वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, भावजी, तुमच्या पुस्तकात काय काय लिहायची सोय आहे ते सगळं वाचा.

नियमच आहे तसा, म्हणून वाचलं. अविवाहित, विवाहित, विधवा, आणि चौथं, विभक्त किंवा घटस्फोटित. एकशे पन्नास घरांत त्या चौथ्याला मी हातही लावला नव्हता, आपल्या गावात ते कुणाला लागू होतं हेच मला सुचलं नव्हतं. तिनं विचारलं, या चौथ्यासाठी कोर्टाचा कागद लागतो का? मी म्हटलं, नाही, माणूस सांगेल ते लिहायचं, पुरावा मागायचा नाही. नवऱ्याची परवानगी? म्हटलं, तसं काही छापलेलं नाही. सरी, बरं, म्हणाली, मग ते लिहा. काका बाहेर आले. विभक्त कुणापासून, मेलेल्या माणसापासून? असं त्यांनी विचारलं. आणि वहिनी म्हणाली, ते मेलेले नाहीत, शिवाजीनगरात मार्केटामागं रेडिओचं दुकान आहे त्यांचं, चांगले जाड झालेत.

अण्णा, तिला चार वर्षांपासून ठाऊक होतं. शिशुविहाराच्या शिक्षणासाठी ती दहा दिवस बेंगळुराला आली होती, तेव्हा परतीच्या बसला उभी असताना तिनं तुला पाहिलं. तूही तिला पाहिलंस म्हणे, आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागलास. बस यायला वीस मिनिटं लागली आणि वीस मिनिटं तू वर आला नाहीस. आईला का नाही सांगितलं असं मी विचारलं तर म्हणाली, सासूबाई धावत गेल्या असत्या आणि ते दुसऱ्या गल्लीत पळाले असते, मग सासूबाईंजवळ वाट बघणंसुद्धा उरलं नसतं.  मी सहा दिवसांत अर्धा झालो, आणि ही बाई चार वर्षं हे पोटात घेऊन होती, आई होती तोवर तिच्या पायाला तेलही चोळत होती. मी तिला विचारलं, पण मग कुंकू? तर म्हणाली, ते मी पाच वर्षांची असल्यापासून लावते, तुमचे अण्णा नंतर आले.

मग मीही बावीस तारखेला पाहिलं ते सांगून टाकलं. काका तीन दिवस जेवायला आमच्या पंगतीला बसले नाहीत. काल मोजणीची शेवटची फेरी संपवून आलो, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तू त्याला पाहिलंस, तिनं पाहिलं, मी पाहिलेलं नाही. बारा वर्षं मी त्या मुलासाठी संध्येला बसताना दार उघडं ठेवलं. तो जिवंत असेल तर त्यानं मला सांगावं, त्याच्या अक्षरात सांगावं. नाहीतर माझ्यापुरता तो मेला आणि मी त्याला पाणी देणार, तुला बसायचं असेल तर बस, नाहीतर मी बसतो. ऐंशीला आलेला माणूस, ओल्या पंच्यानं पुतळ्यासमोर बसणार. मी कसा बसू देऊ?

म्हणून हे पत्र. सुरुवात केली तेव्हा तुला ये असं लिहायचं मनात होतं. पण पत्र लिहितोय म्हणून वहिनीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, बोलावू नका, त्या मुलीला बाप आहे तो राहू द्या. सोबत एक कोरं पोस्टकार्ड ठेवलंय, काकांचं नाव-पत्ता घातलेलं. त्यावर एवढंच लिही, की मी जिवंत आहे आणि आपल्या मनानं गेलो, आणि खाली सही कर, बिंदुमाधव म्हणून, माधवराव नव्हे. वहिनीसाठी लिही असं म्हणत नाही. तिचा प्रश्न तिनं सोडवला, ती चिठ्ठी शाईनं लिहून तालुक्याला गेली. सोळा तारखेला काय करणार म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, गुरुवार आहे, शिशुविहाराला सुट्टी नाही. राहिलो मी आणि काका. कार्ड आलं नाही तर मी त्यांना बसू देणार नाही, मीच बसेन, आणि मंत्र संपेपर्यंत मला कळणार नाही की मी खोटं करतोय की खरं. मला भाऊ आहे की नाही, एवढंच तुला लिहून कळवायचं आहे.

निदान सोळा तारखेपर्यंत तरी
तुझाच,
त्रिविक्रम